ठासणीच्या बंदुकीचे वाचन

अठराव्या शतकात उत्तर अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात घडलेली ठासणीची लांब बंदूक आज, अडीच शतकांनंतर, तेथील अनेक घरांच्या तळघरात, गॅरेजात किंवा परसातल्या कार्यशाळेत पुन्हा हाताने घडवली जाते, आणि ती घडवणाऱ्यांपैकी बहुतेकांना ना शिकारीवर पोट भरायचे असते, ना घरादाराचे रक्षण करायचे असते. ठासणीची बंदूक म्हणजे जिच्या नळीच्या तोंडातून आधी दारू ओतून, मग गोळी घालून, ती गजाने तळापर्यंत ठासावी लागते अशी बंदूक; धातूच्या काडतुसाचा प्रसार झाल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती मागे पडली आणि तिच्याबरोबर ती घडवणाऱ्यांची विद्याही ओसरत गेली. ही विद्या कोणी ग्रंथात मांडून ठेवलेली नव्हती. उमेदवार उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे भाता ओढत असे, कानस चालवत असे, पाहत असे आणि चुकत असे. त्या सहवासातून जे एका हातातून दुसऱ्या हातात गेले तेवढेच टिकले. शेवटचे उस्ताद गेले तेव्हा मागे उरल्या त्या बहुतांशी बंदुकाच. आजचा घरगुती कारागीर जे करतो त्याचे मोल या पार्श्वभूमीवरच कळते: उरलेल्या वस्तूंवरून तो हरवलेली विद्या वाचून काढतो, आणि नुसत्या डोळ्यांनी हे वाचन पुरे होत नाही म्हणून हाताने करतो.

या बंदुकीचे मूळ जर्मनभाषक स्थलांतरितांनी बरोबर आणलेल्या शिकारी बंदुकीत आहे. ‘येगर’ या नावाने ओळखली जाणारी ती बंदूक आखूड, सुमारे ३० इंच नळीची आणि मोठ्या तोंडाची होती. पेनसिल्व्हेनियात दोन-तीन पिढ्यांच्या अवधीत नळी लांबत जाऊन ४२ ते ४६ इंचांपर्यंत पोहोचली, तोंड अरुंद होऊन अर्ध्या इंचाच्या आसपास आले आणि दस्ता, म्हणजे नळीला धरून ठेवणारा लाकडी भाग, सडपातळ झाला. लहान गोळीला शिसे आणि दारू कमी लागते, लांब नळीवर नेम धरणे सोपे जाते, अशी कारणे सांगितली जातात आणि ती खरीही असावीत. तरी तेव्हाच्या वसाहतीत इंग्लंडहून येणाऱ्या लांब नळीच्या पक्षी मारण्याच्या बंदुकांची जी चाल होती तिचाही वाटा यात मानला पाहिजे, कारण कारागीर केवळ उपयोगासाठी घडवत नाही, गिऱ्हाइकाच्या डोळ्याला काय रुचते तेही त्याला पाहावे लागते. पहिली लांब बंदूक लँकेस्टरजवळच्या मार्टिन मायलिन याने घडवली ही कथा तेथे फार प्रिय आहे, पण तिला ठोस पुराव्याचा आधार नाही. पुराव्याने हाती लागतो तो नाझरेथजवळचा क्रिश्चन्स स्प्रिंग येथील कारखाना, जो मोरेव्हियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या वसाहतीत चालत असे. तेथे जर्मनीहून आलेला आंड्रेआस आल्ब्रेख्ट हा उस्ताद होता आणि १७६६ पासून त्याचा शिष्य क्रिश्चन ओर्टर काम सांभाळू लागला. ओर्टरने आपल्या काही बंदुकांवर नाव आणि साल कोरले. त्यांतील १७७५ सालची एक बंदूक १९७१ मध्ये व्हॅली फोर्ज येथील संग्रहातून चोरीला गेली आणि जवळजवळ अर्ध्या शतकानंतर परत मिळाली. लँकेस्टर गावात जेकब डिकर्ट (१७४०–१८२२) याचे नाव गाजले. केंटकीच्या सरहद्दीवर वापरली गेल्यामुळे या बंदुकीला पुढे केंटकी रायफल म्हटले जाऊ लागले, तरी तिचे माहेर पेनसिल्व्हेनियाच.

रायफल आणि साधी बंदूक यांतला भेद नळीच्या पोटात आहे. रायफलच्या नळीत आतून पेचदार खाचा कापलेल्या असतात; त्या साधारण ४८ इंचांत एक पूर्ण वळसा घेतात, म्हणजे नळीच्या अख्ख्या लांबीत एक फेराही पुरा होत नाही. तेवढ्यानेही गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते, आणि फिरणारी वस्तू आपला अक्ष सहजी सोडत नसल्याने ती वाट न चुकता जाते. गुळगुळीत नळीच्या तत्कालीन सैनिकी बंदुकीचा १०० यार्डांपलीकडे भरवसा नसे; चांगल्या हातातील रायफल २०० यार्डांवरही नेम साधत असे. मात्र शिशाची गोळी खाचांत घट्ट बसली पाहिजे आणि तरीही तोंडातून खाली ठासता आली पाहिजे, या दोन परस्परविरोधी गरजा आहेत. पेनसिल्व्हेनियाच्या कारागिरांनी वापरलेला उपाय साधा होता: गोळी नळीपेक्षा किंचित लहान घ्यायची आणि ती चरबी लावलेल्या सुती किंवा तागाच्या चिंधीत गुंडाळून ठासायची, म्हणजे चिंधी खाचा पकडते आणि गोळीला फिरवते. काळी दारू जळाल्यावर तिच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग घन रूपात मागे राहतो आणि नळीत कीट धरतो. चरबी ते कीट मऊ ठेवते. हिंदुस्थानच्या इतिहासात १८५७ साली ज्या काडतुसांवरून ठिणगी पडली ती काडतुसे १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड रायफलची होती. ती रायफलही तोंडाने भरायचीच होती आणि तिच्या कागदी काडतुसाला चरबी लावण्यामागे हीच यांत्रिक गरज होती. गरज यंत्राची होती. पण ते काडतूस दातांनी तोडायचे होते, आणि कोणती चरबी कोणाच्या तोंडाशी जाणार हा प्रश्न गोदामात बसून ठरवणाऱ्यांना पुरेसा महत्त्वाचा वाटला नाही.

नळी घडवणे हा या कामातील सर्वांत कष्टाचा भाग. लोखंडाची लांब, जाड पट्टी भट्टीत लालभडक तापवून खाचेच्या ऐरणीवर पन्हळीसारखी वळवायची, मग तिच्या कडा एकमेकींवर आणून, टाकणखार टाकून, पांढऱ्या तापावर घणाने सांधायच्या. टाकणखार तापलेल्या लोखंडावरचा मळ वितळवून वाहून नेतो आणि सांध्याला स्वच्छ पृष्ठभाग मिळतो. एका तापात दोन-तीन इंचच साधतात. आत घातलेली पोलादी कांब तेवढ्यात काढून घेतली नाही तर ती आतच आवळली जाते. अशा रीतीने टप्प्याटप्प्याने साडेतीन फुटांची नळी जोडली जाते. पुढे लांब दांड्याच्या पात्यांनी ती आतून कोरून एकसारखी करायची, आतून ताणलेल्या बारीक दोऱ्याच्या आधाराने सरळ आहे की नाही ते पारखायचे, वाकडी असल्यास हातोड्याचे नेमके ठोके देऊन सरळ करायची आणि बाहेरून कानशीने अष्टकोनी करायची. चांगल्या नळीचे आठ पैलू एकसारख्या जाडीचे नसतात: बुडाशी नळी जाड, मध्यापलीकडे बारीक आणि तोंडाशी पुन्हा किंचित फुगीर ठेवली जाते. हा उतार-चढाव नजरेला चटकन जाणवत नाही, पण बंदूक खांद्याला लावताच तिचा तोल कळतो आणि इतकी लांब वस्तू हातात अवघडल्यासारखी वाटत नाही.

खाचा कापण्याची रीत तर आणखी विचार करण्याजोगी आहे. एका लांब लाकडी बाकावर नळी घट्ट बसवतात. तिच्या मागे एक लाकडी गोल असतो, ज्याच्या अंगावर पेचदार चरे कोरलेले असतात. तो गोल पुढे ढकलला की चऱ्यांमुळे आपोआप वळतो आणि त्याला जोडलेला दांडा नळीत फिरत फिरत जातो. दांड्याच्या टोकाशी लाकडात बसवलेले लहानसे पोलादी पाते असते. एका फेरीत ते केसाएवढे लोखंड खरवडते. पाते कापेनासे झाले की त्याच्याखाली कागदाचा कपटा सारून ते तसूभरही नव्हे इतके वर उचलायचे आणि पुन्हा फेऱ्या सुरू करायच्या. एक खाच पुरी झाली की गोल एका घराने फिरवून पुढची. सात खाचा पुऱ्या होईतो फेऱ्यांची गणती शेकड्यांत जाते. हा लाकडी गोल नसेल तेव्हा जुन्या रायफलच्या नळीत दांड्याभोवती शिसे ओतून त्या नळीचाच मार्गदर्शक म्हणून उपयोग करता येतो. म्हणजे एका नळीचा पेच दुसरीत उतरतो, दुसरीचा तिसरीत, आणि मूळ पेच कोणी आखला हे विस्मरणात गेले तरी तो स्वतः चालत राहतो. लिखित परंपरेत पोथीची नक्कल होते तशीच ही लोखंडातली नक्कल आहे, आणि नकलकाराला अर्थ कळला नाही तरी मजकूर टिकतो ही तिची मोठी सोय आहे.

ही सारी प्रक्रिया विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ विस्मृतीत गेली होती. टेनेसीतील हॅकर मार्टिन यांच्यासारखे डोंगराळ भागातील मोजके कारागीर जुन्या रीतीचे धागे धरून होते. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथे अठराव्या शतकातील नगर जसेच्या तसे उभे करण्याचा जो प्रकल्प चालतो, त्यात १९६० च्या दशकात वॉलेस गस्लर यांनी नळी, दारू पेटवणारे चकमकीचे यंत्र, पितळी ओतकाम, दस्ता असे प्रत्येक अंग अठराव्या शतकातील हत्यारांनी आणि पद्धतींनी घडवून पूर्ण रायफल तयार केली. १९६९ च्या ‘गनस्मिथ ऑफ विल्यम्सबर्ग’ या माहितीपटात ते सारे काम चित्रित झाले आहे. गस्लर यांना या कामासाठी तयार पाठ्यपुस्तक उपलब्ध नव्हते. जुन्या नळ्यांच्या आत उरलेल्या हत्यारांच्या खुणा, कारागिरांच्या मृत्यूनंतर झालेल्या मालमत्तेच्या याद्या आणि हयात असलेल्या डोंगरी कारागिरांच्या आठवणी यांवरून त्यांनी जोडत जोडत ही विद्या उभी केली. इतिहाससंशोधनाची ही रीत विद्यापीठांत शिकवल्या जाणाऱ्या रीतीपेक्षा कमी शिस्तीची मानण्याचे कारण नाही; उलट येथे अनुमान चुकले तर सांधा सुटतो, नळी फुटते, आणि चूक झाकायला शब्द उपयोगी पडत नाहीत.

घरी बंदूक घडवणाऱ्या बहुतेकांकडे भट्टी नसते आणि ते नळी विकत घेतात, हे येथे नमूद केले पाहिजे. दारूचा स्फोट चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होत असल्याने पारखलेल्या आधुनिक पोलादाची नळी घेणे हा शहाणपणाचाच निर्णय आहे. चकमकीचे यंत्रही पुष्कळदा तयार आणले जाते. मग अशा बंदुकीला हाताने घडवलेली म्हणावे का, हा वाद त्या वर्तुळात जुना आहे. अठराव्या शतकातील लँकेस्टरचा कारागीरही गरजेप्रमाणे इंग्लंडहून किंवा जर्मनीहून आलेली यंत्रे विकत घेत असे आणि नळ्या पाण्यावर चालणाऱ्या नळी-कारखान्यांतून आणत असे, हे लक्षात घेतले तर वादाची धार बोथट होते. बंदुकीचे व्यक्तित्व नळीने किंवा यंत्राने ठरत नाही. ते ठरते लाकडात, आणि लाकूड प्रत्येकाला स्वतःच कोरावे लागते.

हे लाकूड म्हणजे मेपल, आणि त्यातही ज्याच्या रेषा खोडाच्या वाढीत लाटांसारख्या वळलेल्या असतात असे लहरदार मेपल. व्हायोलिनच्या पाठीला वापरतात तेच हे लाकूड. प्रकाश फिरला की त्यातील काळसर-उजळ पट्टे जागा बदलतात. वाळवलेली फळी हाती आल्यावर कारागीर पहिल्यांदा पाहतो ते रेषांची दिशा. दस्ता जेथे सर्वांत बारीक असतो आणि चाप ओढणारा हात जेथे पकड घेतो त्या भागाला मनगट म्हणतात. लाकडाच्या रेषा तेथे आडव्या तुटल्या तर बंदूक एक दिवस तेथेच मोडणार हे ठरलेले. पट्ट्यांचे सौंदर्य आणि रेषांचे बळ एकाच फळीत क्वचित जुळते. निवड करावी लागते तेव्हा जुने कारागीर बळ निवडीत, आणि आजही तेच योग्य.

मग सुरू होते नळीसाठी चर कोरण्याचे काम. नळी एकसारख्या जाडीची नसल्याने चरही एकसारखा चालत नाही. पटाशीने थोडे कोरायचे, नळीच्या अंगाला दिव्याची काजळी चोपडायची, नळी चरात बसवून हलके ठोकायची, उचलायची आणि जेथे काळे उमटले तेवढेच तासायचे. काळे ठिपके सुरुवातीला दोन-चार ठिकाणी उमटतात, मग दहा-वीस ठिकाणी, आणि शेवटी सगळा चर बारीक काळसर झाला की नळी लाकडात बसली असे समजायचे. या कामात घाईला जागा नाही, कारण लाकूड काढता येते, परत लावता येत नाही. नळीखाली गजासाठी लांब भोक पाडणे हे त्याहून धास्तीचे. गजाचा पुढचा भाग उघड्या चरात असतो, पण मागे तो लाकडाच्या पोटात शिरतो, आणि नळीचा चर व गजाचे भोक यांच्यामध्ये लाकडाचा पडदा अवघा तीन मिलिमीटरांच्या आसपास ठेवावा लागतो. लांब गिरमिटाचे टोक लाकडाच्या रेषांनी ओढले जाऊन वर गेले तर ते नळीच्या चरात निघते, खाली गेले तर दस्त्याच्या पोटातून बाहेर येते. पडदा जाड ठेवून सुरक्षित राहावे तर सगळी बंदूक थोराड दिसते. सडपातळपणा ही या बंदुकीची खरी शोभा असल्याने जोखीम टाळता येत नाही.

येथून पुढे प्रत्येक निर्णय नळीच्या बुडाला बांधलेला असतो. नळीचे बूड आट्यांच्या बुचाने बंद केलेले असते. त्या बुचाच्या तोंडाच्या किंचित पुढे नळीच्या कुशीत बारीक छिद्र पाडतात, ज्याला मराठीत बंदुकीचा कान म्हणतात. बाहेरून या कानाशी रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू, ठेवण्याची वाटी यावी लागते. कान कोठे हे बुचाने ठरते, वाटी कोठे हे कानाने, वाटीवरून यंत्र कोठे बसणार हे ठरते, यंत्रावरून चाप आणि चापावरून मनगट. पहिला निर्णय दोन-तीन मिलिमीटरांनी चुकला तर तो चुकीचा हिशेब शेवटपर्यंत पुढे सरकत जातो आणि पूर्ण झालेल्या बंदुकीत पकडीचा अवघडपणा म्हणून प्रकट होतो. जुनी बंदूक हातात घेऊन नुसती पाहणाऱ्या अभ्यासकाला हा क्रम दिसत नाही. त्याला शेवट दिसतो. क्रम कळतो तो त्याच क्रमाने काम करणाऱ्याला, आणि म्हणून अशा कारागिराचे मत संग्रहालयाच्या दालनात मोलाचे मानले जाऊ लागले आहे.

चकमकीच्या यंत्राबद्दल थोडक्यात सांगायचे तर त्यातील घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा असतो. चाप ओढला की कमानीच्या जोराने घोडा पुढे झेपावतो, गार समोरच्या पोलादी पत्र्याला खरवडते, पत्रा मागे पडून वाटी उघडते आणि पोलादाचे जळते कण रंजकावर पडतात. ठिणगी गारेची नसते, पोलादाची असते. म्हणून त्या पत्र्याला नीट पाणी दिलेले असावे लागते: मऊ राहिला तर ठिणग्या पडत नाहीत, फार कडक झाला तर गार घसरून जाते. कमानीचेही तसेच; तापवून, तेलात बुडवून, पुन्हा निळसर रंग येईतो शेकून तिला जो ताव दिला जातो तो साधला नाही तर ती एक तर वाकून राहते किंवा काचेसारखी तडकते.

बंदुकीचा आकार पुरा होण्याच्या सुमारास कारागिराची खरी परीक्षा सुरू होते. यंत्राभोवतीची लाकडी चौकट, मनगटाचे वळण, गाल टेकण्याची कड आणि खांद्याकडे उतरणारी रेषा या सर्वांनी मिळून एकच आकृती दिसली पाहिजे, आणि या एकसंधतेला हे कारागीर वास्तुरचना असेच म्हणतात. लँकेस्टरच्या बंदुकीत गालाची कड सरळ रेषेत उतरते. लीहाय खोऱ्याच्या, म्हणजे ॲलनटाउन-बेथलेहेमकडच्या बंदुकीत तीच कड धनुष्याप्रमाणे हळूच वाकते. बेडफर्ड परगण्याची बंदूक तिच्या सडसडीत बांध्यावरून आणि लांबट यंत्रावरून दुरूनही ओळखू येते. गावोगावच्या या घराण्यांची जुळणी जो किंडिग यांनी १९६० मध्ये प्रकाशित केलेल्या ग्रंथात शेकडो छायाचित्रांच्या आधारे केली, आणि जॉर्ज शमवे यांच्या १९८० च्या दोन खंडांनी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धापूर्वीच्या बंदुकांचा अभ्यास पुढे नेला. घरी काम करणाऱ्यांच्या बाकावर हे ग्रंथ कानशी-पटाशांच्या शेजारीच उघडे पडलेले असतात. त्यांतील छायाचित्र पाहून कोरीव नक्षी उतरवणे तुलनेने सोपे. तत्कालीन फर्निचरवर असे तशीच वेलबुट्टी गालाच्या मागे हलक्या उठावात कोरलेली असते आणि सरावाने हात बसतो. मनगटाचे वळण मात्र छायाचित्रात मावत नाही, कारण ते तीन दिशांनी एकाच वेळी बदलते. दस्त्यात चिंध्या ठेवण्यासाठी केलेल्या पितळी पेटीची कलाकुसर, चांदीच्या तारेची जडणघडण यांवर महिने खर्चूनही ज्याचे मनगट जाडे राहिले त्याची बंदूक शोभत नाही, आणि नक्षीविना नेटक्या रेषेची बंदूक जाणकाराला खिळवून ठेवते. शेवटी लाकडावर लोखंड विरघळवलेले नत्राम्ल चोपडून ते उष्णतेजवळ धरतात. हिरवट-पिवळे लाकूड पाहता पाहता तांबूस-तपकिरी होते आणि लपलेले पट्टे उमटतात. वर जवसाच्या तेलाचे हात दिले जातात.

हे पुनरुज्जीवन एकट्यादुकट्यांच्या हौशीवर उभे राहिले असते तर टिकले नसते. १९३३ मध्ये ठासणीच्या बंदुकांच्या चाहत्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि इंडियानातील फ्रेंडशिप या खेड्यात तिचे मेळे भरू लागले. जॉर्जिया राज्यातील शाळकरी मुलांनी वडीलधाऱ्यांकडून जुनी कामे विचारून लिहिण्याचा जो ‘फॉक्सफायर’ उपक्रम चालवला, त्याच्या १९७९ च्या पाचव्या खंडात लोहारकाम आणि चकमकीच्या बंदुका यांना मोठी जागा मिळाली. १९९६ मध्ये समकालीन कारागिरांची स्वतंत्र संघटना उभी राहिली. शिकवण्याचे काम आता कार्यशाळांतून आणि ग्रंथांतून चालते, आणि जी विद्या पूर्वी घराण्याबाहेर जात नसे ती मागेल त्याला मिळते. जुन्या उमेदवारीपेक्षा ही व्यवस्था निश्चितच न्याय्य आहे.

मात्र या बंदुकीच्या प्रेमात एक गोष्ट नजरेआड होऊ देता कामा नये. घरगुती कारागीर ज्या बंदुकांच्या प्रतिकृती आवडीने करतात त्यांत एडवर्ड मार्शल याची बंदूक अग्रक्रमाने येते. तिचा रुंद दस्ता, लाकडी झाकणाची पेटी आणि जर्मन वळण यांमुळे ती येगर आणि लांब बंदूक यांच्यामधला दुवा मानली जाते आणि अनेक अभ्यासक तिचा संबंध क्रिश्चन्स स्प्रिंगशी जोडतात. हा मार्शल म्हणजे १७३७ च्या कुप्रसिद्ध ‘चालण्याच्या खरेदी’तला चालणारा. एक माणूस दीड दिवसात जितके चालेल तितकी जमीन द्यायची असा जुना करार असल्याचे सांगून पेनसिल्व्हेनियाच्या मालकांनी आधी वाट साफ करून ठेवली, वेगाने चालणारी तीन माणसे नेमली आणि लेनापे या मूळ रहिवाशांची सुमारे १२ लाख एकर जमीन बळकावली. त्या तिघांपैकी शेवटपर्यंत पोहोचला तो मार्शल. सरहद्दीवरच्या पुढच्या रक्तपातात लेनापे आणि शॉनी लोकांच्या हातीही रायफली होत्या आणि ते त्या वाकबगारपणे चालवीत. त्या बंदुका घडवणाऱ्यांना दोन्ही बाजूंची गिऱ्हाइके होती. ज्या हातांनी मनगटाचे वळण इतके सुंदर साधले त्यांनीच हे शस्त्र घडवले. घडवणाऱ्याने या दोन्ही गोष्टी एकत्र जाणल्या पाहिजेत. वस्तूचे वाचन करायचे तर ते अर्ध्यावर सोडता येत नाही. मार्शलच्या बंदुकीवरील लेखांत दस्त्याची मापे बारकाईने येतात आणि लेनाप्यांचा उल्लेख एखाद्या ओळीत आटोपतो, हे खटकते.

अमेरिकेत हे काम घरी करता येते याचे एक कारण कायद्यात आहे. १९६८ च्या संघीय कायद्याने प्राचीन धाटणीच्या बंदुकांना आधुनिक शस्त्रांपासून वेगळे धरले. राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय कोणतीही बंदूक बनवणे गुन्हा आहे, मग ती ठासणीची का असेना, आणि तसे असणे योग्यच. कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर बाळगलेल्या ठासणीच्या बंदुका अजून दिसतात. मराठ्यांच्या फौजांतील तोड्याच्या बंदुका, ज्यांत चकमकीऐवजी जळत्या वातीने रंजक पेटत असे, संग्रहालयांच्या कपाटांत आहेत. त्यांच्या नळ्या कशा सांधल्या, दस्ते कोणत्या लाकडाचे, कानाची जागा कशी ठरवली, हे प्रश्न नवी बंदूक न घडवताही, मापे घेऊन आणि चित्रे काढून सोडवता येण्याजोगे आहेत.

जुन्या लांब बंदुकांच्या अभ्यासातील निम्मे वाद या एका कारणाने उद्भवतात, की स्वातंत्र्ययुद्धापूर्वीच्या बहुतेक कारागिरांनी आपल्या कामावर नाव कोरले नाही. ओर्टरच्या सहीमुळे एक अख्खे घराणे ओळखता आले. सही नसल्याने तितक्याच तोलाची कितीतरी कामे केवळ अंदाजावर उभी आहेत. आज घडणाऱ्या उत्तम प्रतिकृती, विशेषतः ज्यांना मुद्दाम झिजवून, डाग पाडून, जुनेपणा आणला जातो त्या, शंभर वर्षांनी अस्सल समजल्या जाण्याची शक्यता खरी आहे, आणि तसे झाले तर ज्यांच्याकडून शिकलो त्यांचाच पुरावा शिष्यांनी गढूळ केला असे होईल. म्हणून घरच्या बाकावर बंदूक घडवणाऱ्या प्रत्येकाने नळीच्या वरच्या पैलूवर, ते पुसणे सोपे जाणार नाही इतक्या खोलवर, आपले नाव आणि साल कोरावे.